मोरारजीभाई आणि दारूबंदीचा जमाखर्च

मोरारजी देसाई यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ रोजी वलसाडनजीकच्या भदेली गावी एका शिक्षकाच्या घरी झाला. १९१८ साली ते मुंबई इलाख्यात डेप्युटी कलेक्टर झाले व १९३० साली राजीनामा देऊन सत्याग्रहात उतरले. कडक शिस्त, काटकसर आणि स्वतःच्या मताविषयीची अढळ खात्री हे त्यांचे स्वभावविशेष होत.

१९३९ साली बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने मुंबईत दारूबंदीचा प्रयोग केला, तेव्हा मोरारजीभाई महसूलमंत्री होते. अबकारी उत्पन्नातील तूट भरून काढण्यासाठी शहरी मिळकतींवर कर बसवावा लागला. बंदीची किंमत न पिणाऱ्यालाही मोजावी लागते, हा तो पहिला धडा होता. पुढे ते गृहमंत्री असताना १९४९ चा दारूबंदी कायदा झाला आणि १९५० पासून राज्यभर बंदी आली. गिरणगावातील चाळींपासून पवनाकाठच्या पिंपळे गुरवसारख्या शेतकरी गावापर्यंत सर्वांना तो कायदा लागू झाला. मजुराची मजुरी गुत्त्यात न जाता घरी यावी, हा त्यामागील हेतू निःसंशय उदात्त होता.

परंतु सरकारने उत्पन्न सोडले म्हणून पिणाऱ्याने खर्च सोडला नाही. तो पैसा हातभट्टीवाल्याच्या आणि हप्ता घेणाऱ्याच्या खिशात गेला. शिवाय पोलीस व न्यायालये यांच्यावर बोजा पडला तो वेगळाच. डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने १९५१ च्या जाहीरनाम्यातच हा हिशेब मांडून बंदी उठविण्याची मागणी केली होती. १९५२ साली मुख्यमंत्री झालेल्या मोरारजीभाईंनी मात्र आपला मार्ग बदलला नाही.

केंद्रीय अर्थमंत्री असताना १९६३ साली त्यांनी नवे दागिने चौदा कॅरटपुरते मर्यादित केले. असंख्य सोनारांचा धंदा बसला, पण सोन्याची चोरटी आयात थांबली नाही. १९७७ साली पंतप्रधान झाल्यावर त्यांनी देशभर दारूबंदीचा आग्रह धरला. १९७९ साली सरकारच कोसळले. १० एप्रिल १९९५ रोजी त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्राने त्याआधीच, १९७३ च्या नियमांन्वये, देशी दारूची परवानाधारक विक्री सुरू केली होती. तरीही २०१५ साली मुंबईतील मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. परवाना दिला की प्रश्न सुटला, असे मानणेही म्हणूनच भाबडेपणाचे ठरेल. वैध दारू गरिबाच्या आवाक्याबाहेर गेली की विषाला गिऱ्हाईक मिळते, आणि अबकारी उत्पन्नाची चटक सरकारलाही लागते.

पिंपळे गुरव आज पिंपरी-चिंचवड महापालिकेत असून कारखान्यांतील कामगारांची वस्ती तेथे वाढली आहे. बंदी असो वा परवाना, त्या घरात पगारातले किती पोहोचते, यावरच धोरणाची परीक्षा व्हावयास हवी. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यालाही हीच कसोटी लावली पाहिजे. वैयक्तिक जीवनात पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या मोरारजीभाईंनी आपल्या सर्वांत आवडत्या कायद्याला ती कधी लावली नाही.