माहितीच्या तक्त्यांना शिस्त लावणारा गणिती

बँकेतील खात्याचा उतारा, विम्याच्या हप्त्याची नोंद, महाविद्यालयाची गुणपत्रिका. या सर्व नोंदी आज बहुतांशी ज्या पद्धतीने संगणकात साठवल्या जातात, तिचा पाया एडगर फ्रँक कॉड या ब्रिटिश गणितज्ञाने घातला. संगणकविश्वात ते टेड कॉड या नावाने परिचित होते.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड येथे १९ ऑगस्ट १९२३ रोजी कॉड यांचा जन्म झाला. ऑक्सफर्डच्या एक्झिटर कॉलेजात त्यांनी गणित व रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक म्हणून काम केले. १९४८ साली ते न्यूयॉर्कला आयबीएम कंपनीत रुजू झाले. सिनेटर मॅकार्थी यांनी आरंभलेल्या संशयाच्या राजकारणाला कंटाळून १९५३ साली त्यांनी अमेरिका सोडली व कॅनडा गाठले. १९५७ साली ते आयबीएममध्ये परतले. पुढे मिशिगन विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि कॅलिफोर्नियात सॅन होजे येथील प्रयोगशाळेत ते दाखल झाले.

त्या काळी संगणकातील माहिती एखाद्या वंशवृक्षाप्रमाणे किंवा जाळ्याप्रमाणे गुंफलेली असे. हवी ती नोंद मिळवण्यासाठी तिच्यापर्यंत जाणारी वाट प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ठाऊक असावी लागे. मांडणीत थोडा बदल झाला, की जुने प्रोग्रॅम निकामी होत. जून १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात कॉड यांनी यावर गणिती उत्तर दिले. सर्व माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी. ग्राहकांचा एक तक्ता, खात्यांचा दुसरा, आणि दोहोंना जोडणारा ग्राहक क्रमांक. वापरणाऱ्याने काय हवे ते सांगावे, ते कसे शोधायचे हे यंत्राने ठरवावे. संचसिद्धांत व तर्कशास्त्र यांवर उभारलेली ही रचना रिलेशनल डेटाबेस म्हणून ओळखली जाते.

एक तथ्य एकाच ठिकाणी नोंदवावे, हा या विचाराचा गाभा. ग्राहकाचा पत्ता तीन ठिकाणी लिहिला आणि दोनच ठिकाणी बदलला, तर खरा कोणता हे कोणालाच सांगता येत नाही. अशी विसंगती मुळातच उद्भवू नये म्हणून तक्त्यांची फोड कशी करावी, याचे नियमही कॉड यांनी घालून दिले.

मात्र घरच्यांनाच हे पटेना. आयबीएमचे जुन्या पद्धतीचे उत्पादन उत्तम खपत होते, त्यामुळे कंपनीने नव्या कल्पनेकडे सावधपणेच पाहिले. तिची ‘सिस्टिम आर’ ही प्रायोगिक योजना आकारास आली आणि तिच्यातूनच एसक्यूएल ही भाषा जन्मली. पण ती आपल्या सिद्धांताशी पुरेशी प्रामाणिक नाही, अशी कॉड यांची तक्रार अखेरपर्यंत राहिली. दरम्यान, हे प्रसिद्ध संशोधन वाचून लॅरी एलिसन यांच्या कंपनीने १९७९ साली ‘ओरॅकल’ बाजारात आणले. आयबीएमचे स्वतःचे असे उत्पादन त्यानंतर, १९८१ साली आले. त्याच वर्षी कॉड यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

पुढे जुन्याच मालावर ‘रिलेशनल’ अशी चिठ्ठी लावून विक्री होऊ लागली, तेव्हा १९८५ साली कॉड यांनी आपले प्रसिद्ध बारा नियम जाहीर केले. त्यांपैकी चौथा नियम विशेष दूरदृष्टीचा ठरला. डेटाबेसचे स्वतःचे वर्णनही तक्त्यांतच असावे आणि ते नेहमीच्याच भाषेत विचारता यावे, असे तो सांगतो. आज मोठ्या संस्थांत डेटाबेसची नियमित आरोग्यतपासणी होते, तिचा मोठा भाग याच सोयीवर चालतो. कोणता तक्ता किती फुगला, कोणती अनुक्रमणिका वापराविना पडून आहे, कोणते बंधन बंद करून ठेवले आहे, हे ठरलेल्या वेळी आपोआप विचारता येते. खाते आहे पण ग्राहकच नाही, अशा अनाथ नोंदी हुडकता येतात. याला जोड लागते ती बॅकअप वेळेवर होतो का, आणि त्यातून माहिती खरोखर परत उभी करता येते का, हे पाहण्याची. कारण न तपासलेला बॅकअप ऐन संकटात दगा देऊ शकतो. तपासणीची ही दिनचर्या कॉड यांनी आखलेली नाही, पण यंत्राला स्वतःविषयी उत्तर देता आले पाहिजे हा आग्रह त्यांचाच. अर्थात, नियमात बसणारी पण मुळातच चुकीची नोंदलेली रक्कम अशा तपासणीत सापडत नाही. तिथे माणसाचीच नजर लागते.

१८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात वयाच्या ७९व्या वर्षी कॉड यांचे निधन झाले. डेटाबेस संशोधनातील एका मानाच्या पुरस्काराला पुढल्याच वर्षी त्यांचे नाव देण्यात आले. सामान्य माणसाला ते फारसे ठाऊक नसले, तरी त्याच्या खात्यातील शिलकीचा हिशेब आजही त्यांच्याच तक्त्यांवर विसंबून आहे.