मौनाची किंमत

सिग्मंड फ्रॉइड हे नाव आमच्या सुशिक्षित वाचकांस अपरिचित नाही. १८५६ साली मोराव्हियात जन्मलेल्या या व्हिएन्नावासी डॉक्टरांनी इतरांच्या मनातील दडलेले बाहेर काढण्यात आयुष्य वेचले. स्वतःच्या तोंडातील गाठीविषयी मात्र ते गप्प राहिले. दिवसाकाठी सुमारे वीस सिगार ओढण्याची त्यांची सवय. फेब्रुवारी १९२३ मध्ये गाठ ध्यानात आली, ती डॉक्टरांना दाखविली एप्रिलमध्ये. डॉक्टरांनीही कर्करोगाचे निदान प्रथम त्यांच्यापासून लपविले. ऑक्टोबरमध्ये हान्स पिख्लर यांनी वरच्या जबड्याचा व टाळूचा भाग काढून टाकला. पुढील सोळा वर्षांत तीसांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. कृत्रिम टाळूमुळे बोलणे व जेवणे यातनामय झाले. तरीही सिगार सुटली नाही. नाझींच्या छळामुळे १९३८ साली त्यांनी लंडन गाठले आणि २३ सप्टेंबर १९३९ रोजी तेथेच देह ठेवला.

आमच्याकडे सिगारची जागा तंबाखू, सुपारी व गुटखा यांनी घेतली आहे. दात दाखविण्यास आलेल्या माणसाची जीभ, जिभेखालचा भाग, गालांची आतील बाजू व टाळू न्याहाळण्यास एक आरसा, एक दिवा आणि थोडी मिनिटे पुरतात. पांढरा वा लाल चट्टा, अथवा दोन आठवड्यांत न भरणारा व्रण आढळल्यास पुढील तपासणी वेळीच होऊ शकते. दंतवैद्यांनी ती रुग्णाने न मागताही करावी आणि रुग्णांनी व्यसन न लपविता सांगावे, एवढेच आमचे आग्रहाचे मागणे आहे.