रोह्याचे चिंतामणराव

पेणहून रोह्याला एस.टी.ने जाताना मला हटकून चिंतामणराव देशमुख आठवतात. घराणे रोह्याचे, जन्म महाडजवळच्या नाते गावी, १८९६ चा. मॅट्रिकला पहिले, आय.सी.एस.ला पहिले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर! हे सारे ‘पहिले’ आम्ही शाळेत पाठ केले. मला मात्र १९५६ चे चिंतामणराव जवळचे वाटतात.

मुंबई महाराष्ट्राला नाकारली जात होती. लोक रस्त्यावर उतरले आणि पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. कुणाचा मुलगा घरातून निघाला तो परतलाच नाही. चिंतामणराव तेव्हा देशाचे अर्थमंत्री, आमच्याच कुलाबा जिल्ह्यातून निवडून गेलेले. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हावी असे त्यांनी म्हटले. (माणसे मेली, मग चौकशी नको?) ती झाली नाही. मुंबईही मिळेना. जुलैत त्यांनी मंत्रिपद सोडले आणि लोकसभेत उभे राहून कारणे सांगितली.

त्याच वर्षी ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, म्हणून हे विशेष लक्षात राहिले. १९६० साली मुंबईसह महाराष्ट्र झाला, तेव्हा चिंतामणराव दिल्लीत विद्यापीठांच्याच कामात होते.