विश्लेषण : मोरोपंतांच्या आर्येत शब्द जागा का बदलतात?

आर्येचा अन्वय लावा, या प्रश्नाने शाळेत अनेक पिढ्यांना घाम फोडला. कर्ता शेवटी, कर्म मध्येच कुठे तरी, क्रियापद पुढच्या चरणात. शब्दांचे हे कोडे घालणारे मोरोपंत होते तरी कोण?

कोण होते मोरोपंत?
मोरेश्वर रामजी पराडकर यांचा जन्म १७२९ मध्ये पन्हाळगडावर झाला. संस्कृतचे शिक्षण तिथेच पाध्ये गुरुजींकडे झाले. तरुणपणी ते बारामतीला आले आणि बाबूजी नाईकांच्या आश्रयाने पुराणिक म्हणून स्थिरावले. १७९४ मध्ये बारामतीतच त्यांचे निधन झाले. आर्याभारत, केकावली आणि १०८ रामायणे ही त्यांची ख्याती. त्यातले निरोष्ठ रामायण ओठाला ओठ न लावता म्हणायचे. म्हणजे 'राम' हे नावच त्यात येऊ शकत नाही!

शब्द का हलतात?
पहिले कारण छंदाचे. पंतांची आर्या बहुधा गीती असते : १२, १८, १२, १८ मात्रा आणि शेवटी यमक. या मापात शब्द बसवायचे तर ते हलणारच. पण ते हलूनही अर्थ टिकतो, याचे श्रेय मराठीच्या प्रत्ययांना. 'आईने मुलाला लाडू दिला' हे वाक्य 'लाडू दिला मुलाला आईने' असे केले, तरी देणारी आईच. खालापूर तालुक्यातल्या मोहोपाड्याच्या बाजारात 'आणली का भाजी ताजी आज?' असे कुणी विचारले, तर कोणी अन्वय लावत बसत नाही. जे महत्त्वाचे, ते जिभेवर आधी येते. पंतांनी बोलण्यातली हीच सवय संस्कृत वळणाने फार लांबवर नेली. कधी कधी जरा जास्तच.

ऐकणाऱ्यांना कळायचे कसे?
पंत पुराणिक होते, समोर श्रोते असत. पुढे लावणीकार राम जोशी यांनी कीर्तनांतून त्यांच्या आर्या लोकांपर्यंत नेल्या. कीर्तनकार आर्या म्हणतो, थांबतो, उलगडतो, पुन्हा म्हणतो. रोखून धरलेले क्रियापद शेवटी आले की ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. छापील पानावर हा थांबा गेला आणि उरला तो नुसता गुंता.

मग वाचायचे कसे?
आधी मोठ्याने. मग क्रियापद शोधायचे आणि 'कोण, कोणाला, काय' असे त्यालाच विचारायचे. अर्थ लागला की सरळ केलेले वाक्य सोडून मूळ आर्येकडे परतायचे आणि कोणता शब्द पंतांनी मागे ठेवला ते पाहायचे. शाळेत नेमकी हीच शेवटची पायरी गाळली जाई. अन्वय लागला की गुण मिळत आणि पान उलटे.

टीका झाली का?
भरपूर. हे पांडित्य आहे, कविता नव्हे, असा आक्षेप वारंवार आला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त पंतांची बाजू हिरिरीने मांडली. त्याआधी १८६५ मध्ये दादोबा पांडुरंग यांनी केकावलीवर 'यशोदापांडुरंगी' ही टीका लिहिली. हे तेच दादोबा, ज्यांच्या व्याकरणातून मराठी मुले वाक्याचा सरळ क्रम शिकत होती.