गिर्यारोहक शास्त्रज्ञ फिंच

जॉर्ज फिंच यांचा जन्म १८८८ साली ऑस्ट्रेलियात झाला. १९२२ मध्ये प्राणवायूच्या साहाय्याने ते एव्हरेस्टवर सुमारे २७,३०० फूट चढले. तोच सोबती ब्रूस यांच्या उपकरणातील काचेची नळी फुटली. फिंच यांनी त्यांना आपल्या प्राणवायूत वाटेकरी केले, उपकरण दुरुस्त केले आणि त्यांचा जीव जपण्यासाठी शिखर सोडून ते माघारी फिरले.

पुढे लंडनमध्ये हे रसायनशास्त्रज्ञ पदार्थांच्या पृष्ठभागांवर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून पाहू लागले. घासून गुळगुळीत केलेल्या स्फटिकापासून धूसर वलये उमटत. आम्लाने वरचा थर झिजवला, की रेखीव ठिपके उमटत व त्यांवरून अणूंची मांडणी कळे. डोळ्यांना मात्र गुळगुळीत स्फटिकच नीटस वाटे! साठी उलटल्यावर, १९५२ ते १९५७ या काळात, ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. १९७० साली ते निवर्तले.