फादर थॉमस स्टीफन्स : आधी विद्यार्थी, मग गुरू



आपल्या धर्मग्रामातील बरीचशी मुले आज इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात. मिस्साच्या वेळी मराठी गीते ती आनंदाने म्हणतात, पण गीतांचे पुस्तक हाती दिले की अडखळतात. मग पालक विचारतात, रविवारचे धर्मशिक्षण कोणत्या भाषेत द्यावे? हा प्रश्न चारशे वर्षांपूर्वी गोव्यातील एका धर्मगुरूंपुढेही उभा होता. त्यांनी काढलेले उत्तर आजही उपयोगी आहे, म्हणून त्यांच्या जीवनाची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिकांना आपली श्रद्धा लपवून ठेवावी लागे. थॉमस पाउंड या मित्रासह रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करायचा, असे त्यांनी ठरवले होते. पाउंड पकडले गेले आणि स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले. १५७५ साली ते येशूसंघात दाखल झाले. तेथे तत्त्वज्ञानाचे शिक्षण घेतल्यावर ४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून जहाजात बसले आणि सुमारे साडेसहा महिन्यांच्या प्रवासानंतर २४ ऑक्टोबरला गोव्यास उतरले. त्या प्रवासाची हकिकत सांगणारे त्यांचे वडिलांना लिहिलेले पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले. ते स्वतः मात्र मायदेशी कधीच परतले नाहीत.

गोव्यात त्यांना साष्टी प्रांतात पाठवण्यात आले. मडगाव आणि रायतूर, म्हणजेच राशोल, ही तेथील येशूसंघाची प्रमुख ठाणी होती. त्या काळी चर्चला लागूनच शाळा असे. मुले तेथे वाचायला-लिहायला, गायला आणि धर्मतत्त्वे शिकत. आज आपण धर्मग्राम आणि त्याची शाळा असे एका दमात म्हणतो, त्या प्रथेची मुळे इतकी जुनी आहेत.

परंतु तो काळ साधा नव्हता, हे आपण प्रामाणिकपणे लक्षात ठेवले पाहिजे. १५६७ साली पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती. जुने ग्रंथ बाळगण्यासही बंदी होती. १५८३ साली कुंकळ्ळी गावात पाच येशूसंघीयांची हत्या झाली. नंतर पोर्तुगिजांनी त्या गावच्या प्रमुखांना ठार केले. दोन्ही बाजूंच्या मनात भय आणि राग होता. फादर स्टीफन्स यांना अशा लोकांमध्ये राहून काम करायचे होते.

त्यांनी पहिले काम केले ते विद्यार्थी होण्याचे. लोकांची भाषा ते लोकांकडून शिकले. १५८३ सालीच भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी नोंदवले, की येथील भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती आहे. युरोपातील विद्वानांच्या ध्यानात ही गोष्ट नीट यायला पुढे दोनशे वर्षे लागली. ज्याला कमी लेखायचे त्याचे व्याकरण कोणी इतक्या बारकाईने पाहत नाही. भाषा शिकणे हाही आदराचाच एक प्रकार आहे.

नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची व्यथा त्यांना कळली ती याच आदरामुळे. त्यांच्या ग्रंथाच्या आरंभी धर्मशिक्षणाच्या वर्गाचा प्रसंग येतो. तेथे एक ब्राह्मण गुरूंना विचारतो, की आमची जुनी पुराणे गेली, आता त्या जागी आम्ही काय वाचावे? हा प्रश्न विचारणाऱ्याला श्रद्धा मिळाली होती, पण घरी दिव्याजवळ बसून ऐकायची गोष्ट त्याने गमावली होती.

फादर स्टीफन्स यांनी याचे उत्तर दोन भाषांत दिले. मुलांच्या धर्मशिक्षणासाठी त्यांनी घरात बोलली जाणारी कोकणी निवडली आणि प्रश्नोत्तरांचे पुस्तक लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली छापले गेले. कोकणीचे व्याकरणही त्यांनी रचले; ते १६४० साली प्रसिद्ध झाले. पण पुराण लोक ज्या भाषेत ऐकत आले होते, ती मराठी. आपल्या गोदावरीच्या काठी पैठणला संत एकनाथ ज्या काळात ओव्या रचत होते, त्याच काळात साष्टीतील हा इंग्रज धर्मगुरू ओवी शिकत होता. १६१६ साली रायतूरच्या छापखान्यात त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. त्यात जगाच्या निर्मितीपासून प्रभू येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा सुमारे ११ हजार ओव्यांत सांगितली आहे. देवनागरीचे खिळे नसल्याने ते रोमन लिपीत छापावे लागले.

१६१९ साली गोव्यातच त्यांचे निधन झाले. साष्टीच्या चर्चमध्ये लोक पुराण वाचत राहिले. पुढे १६८४ साली व्हाइसरॉयने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. हुकूम निघाला तरी पुराण बुडाले नाही. १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही जुन्या आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज सापडत नाही. ते आपल्यापर्यंत आले ते भाविकांनी हाताने उतरवलेल्या प्रतींमुळे. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या कुटुंबांनी ते जपले आणि १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले.

मग आपल्या मुलांचे काय? आम्हांला वाटते, फादर स्टीफन्स यांच्या वाटेने गेल्यास भांडण उरत नाही. धर्मतत्त्वे मुलाला ज्या भाषेत समजतात त्या भाषेत समजावून सांगावीत, ती इंग्रजी असली तरी हरकत नाही. पण आपल्या आजीआजोबांनी ज्या भाषेत प्रार्थना केली, तिच्यातील गोष्ट आणि गीत त्यांच्या हाती द्यायचेच. ते काम एकट्या वर्गाने होणार नाही. साष्टीत ते घरांनी केले.

तेव्हा या आठवड्यात रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेनंतर आईवडिलांनी, शक्य तर आजीने, शुभवर्तमानातील एक गोष्ट मुलांना मराठीतून वाचून दाखवावी. पुढच्या रविवारी ती गोष्ट मुलांकडून ऐकायला आम्ही उत्सुक आहोत. कुठे शब्द अडला तर मुलांना विचारू द्या. फादर स्टीफन्सही असेच विचारत विचारत शिकले होते.

प्रभू आपल्या कुटुंबांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू