शायिस्ताखानाला ५६ दिवस अडवून धरणारा चाकणचा किल्लेदार : फिरंगोजी नरसाळा

चाकण म्हटलं की आज गाड्यांचे कारखाने, कांद्याचा बाजार आणि पुणे-नाशिक हायवेवरचं ट्रॅफिक आठवतं. पण याच गावाच्या मधोमध एक किल्ला आहे. त्याचं नाव संग्रामदुर्ग, आणि त्याच्यासोबत कायमचं जोडलं गेलेलं नाव म्हणजे फिरंगोजी नरसाळा.

फिरंगोजी चाकणचा किल्लेदार होता. शिवाजी महाराजांनी स्वराज्याच्या सुरुवातीच्या काळात पुण्याच्या आसपासचे किल्ले ताब्यात घ्यायला सुरुवात केली, तेव्हा फिरंगोजी त्यांना येऊन मिळाला. महाराजांनीही किल्ला त्याच्याच हाती ठेवला. हा विश्वास किती योग्य होता, ते १६६० मध्ये दिसलं.

त्या वर्षी औरंगजेबाचा मामा शायिस्ताखान प्रचंड फौज घेऊन पुण्यात उतरला. त्याला अहमदनगरकडून येणारी रसद सुरक्षित हवी होती आणि चाकण त्या वाटेवर होतं. जूनमध्ये त्याने किल्ल्याला वेढा घातला.

आता चाकण म्हणजे काही राजगड किंवा रायगड नाही. हा भुईकोट, म्हणजे सपाट जमिनीवरचा किल्ला. ना डोंगर, ना कडा. तटबंदी, बुरूज आणि खंदक एवढाच काय तो आधार. आत जेमतेम तीनशे-साडेतीनशे माणसं आणि बाहेर हजारोंचं मुघल सैन्य.

बरं, मदत तरी कुठून येणार? त्याच वेळी महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले होते. जुलैमध्ये ते विशाळगडाकडे निसटले, बाजीप्रभूंनी खिंड लढवली, ती हीच वेळ. म्हणजे स्वराज्यावर एकाच पावसाळ्यात दोन वेढे पडले होते. चाकणच्या लोकांना आपल्याच बळावर लढायचं होतं.

फिरंगोजी लढला. भर पावसात, चिखलात, ५६ दिवस. तोफांनी काम होईना म्हणून मुघलांनी जमिनीखालून भुयार खणलं, बुरुजाखाली दारू भरली आणि ऑगस्टच्या मध्यावर सुरुंग उडवला. बुरूज आणि त्यावरची माणसं हवेत उडाली. तरीही खिंडारात उभं राहून मराठ्यांनी ती रात्र काढली. दुसऱ्या दिवशी मुघल आत घुसले आणि शेवटी किल्ला द्यावा लागला. हा छोटासा कोट घ्यायला मुघलांची २६८ माणसं मेली आणि सहाशेच्या आसपास जखमी झाली.

शायिस्ताखान या लढ्याने इतका प्रभावित झाला की त्याने फिरंगोजीला मुघलांच्या चाकरीत येण्याचं आमिष दाखवलं. फिरंगोजीने नकार दिला आणि तो महाराजांकडे परतला. किल्ला गमावून आलेल्या या किल्लेदाराचा महाराजांनी मानच केला. पुढे त्याला भूपाळगड, म्हणजे सांगली जिल्ह्यातला आजचा बाणूरगड सोपवल्याचं सांगितलं जातं.

चाकणचा परिणाम आणखी एका ठिकाणी झाला. एक भुईकोट घ्यायला दोन महिने गेले, तर डोंगरी किल्ल्यांना किती वेळ लागेल? शायिस्ताखान पुण्यात परतून लाल महालात मुक्कामाला राहिला आणि १६६३ च्या एप्रिलमध्ये तिथेच महाराजांनी त्याच्यावर छापा टाकला.

आज संग्रामदुर्गला चारही बाजूंनी घरांनी वेढलंय. तटबंदीचे काही भाग, बुरुजांचे अवशेष आणि खंदकाच्या खुणा एवढंच शिल्लक आहे. भुईकोटाचं हेच दुखणं असतं. डोंगरावरचा किल्ला लांब असल्यामुळे थोडाफार टिकतो, गावातल्या किल्ल्याचा दगड मात्र हळूहळू गावातच मुरून जातो.

भोसरी, मोशी किंवा पिंपरी-चिंचवडमधून चाकणला रोज हजारो लोक कामाला जातात. सिंहगड-राजगडचे ट्रेक करणाऱ्यांना हा किल्ला बघायला ना चढण चढावी लागते, ना सुट्टी काढावी लागते. शिफ्ट सुटल्यावर गावात वळलं की झालं. लोकांची पावलं तिकडे वळत राहिली, तर उरलेल्या तटाकडे लक्षही जाईल. फिरंगोजीने जो तट ५६ दिवस सोडला नाही, तो निदान आपल्या डोळ्यांदेखत तरी नाहीसा होऊ नये.